लॉकबॅक चाकूचं पातं हलतं, लॉक अर्धवट बसतो: काय तपासायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा

लॉकबॅक जातीच्या, म्हणजे उघडल्यावर पातं मुठीच्या पाठीवरच्या पट्टीने अडकून राहतं अशा घडीच्या चाकूंबाबत एकच तक्रार फिरून फिरून येते. उघडलेलं पातं वर-खाली डुगडुगतं, किंवा लॉक पूर्वीसारखा खट्‌कन बसत नाही. यावर पहिला सल्ला बहुधा ‘स्प्रिंग गेली’ असा मिळतो, आणि दुसरा ‘पिन ठोकून घे’ असा. दोन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे असतात, आणि दुसऱ्याने चांगला चाकू कायमचा बिघडतो. खरा गुन्हेगार अनेकदा खिशातला कापूस आणि जुनं तेल यांचा चिकट थर असतो.

खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होऊन कारागिराच्या दारापर्यंत जातो. उदाहरणादाखल बक कंपनीचा ११० हा चाकू समोर धरला आहे. १९६४ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या या चाकूने लॉकबॅक घराघरांत पोचवला, आणि मुठीच्या टोकांना पितळी टोप्या व मध्ये लाकडी पट्ट्या असलेले बरेचसे चाकू त्याच्याच वळणाचे असतात. केस, श्रेड या अमेरिकी कंपन्यांचे किंवा जपानमधल्या सेकी शहरात बनलेले लॉकबॅक असले तरी आतली रचना साधारण हीच.

लक्षणं

दुरुस्तीला हात घालण्याआधी यातलं नक्की काय होतंय ते ठरवा. दोन लक्षणं एकत्र असू शकतात.

- पातं पूर्ण उघडल्यावर पाठीवर दाब दिला की टोक वर-खाली हलतं.
- पातं डावी-उजवीकडे हलतं. हा वेगळा आजार आहे, त्याचं मूळ लॉकमध्ये नसतं.
- उघडताना शेवटचा ‘खट्’ मऊ येतो किंवा येतच नाही.
- लॉकबारचं, म्हणजे मुठीच्या पाठीवरच्या पोलादी पट्टीचं, पुढचं टोक पात्याच्या पाठीपेक्षा किंचित वर राहतं.
- उलट, ते टोक पाठीच्या पातळीखाली बुडालेलं दिसतं.
- लॉक दाबायला फार जड जातो, किंवा दाबल्यावर परत वर येत नाही.
- कापता कापता लॉक सुटतो.

शेवटचं लक्षण असेल तर तो चाकू त्या क्षणापासून वापरातून बाद. तपासणी करा, पण सुपारीसुद्धा कापू नका.

आत काय चालतं

पात्याची मुठीत दडलेली शेपटी म्हणजे टँग. टँगच्या वरच्या बाजूला एक खाच असते. मुठीच्या पाठीवर जी लांब पोलादी पट्टी दिसते तो लॉकबार. तो मधल्या पिनेवर सी-सॉसारखा झुलतो. मागच्या टोकाखाली स्प्रिंग असते, ती मागचं टोक वर ढकलते, म्हणून पुढचं टोक खाली दबतं. त्या पुढच्या टोकाला एक दात असतो. पातं पूर्ण उघडलं की दात खाचेत पडतो आणि पाचरीसारखा आवळून बसतो. तुम्ही मागचं टोक दाबता तेव्हा दात वर उठतो आणि पातं मोकळं होतं.

आता गंमत पाहा. चाकू बंद असताना खाच कुठे असते? पात्याबरोबर टँगही अर्धा फेरा फिरतो, त्यामुळे खाच मुठीच्या पुढच्या तोंडाशी, खालच्या अंगाला, उघडी पडते. चाकू बंद करून समोरून बघा, स्पष्ट दिसेल. म्हणजे खिशात असताना जी बाजू सतत कापसाला आणि धुळीला घासते, तिथेच लॉकचं सगळ्यात नाजूक घर उघडं असतं. वर तेल असेल तर कचरा तिथे चिकटतो. मग चाकू उघडला की दात तो कचरा ठासून खाचेच्या तळाशी बसवतो. महिनाभरात त्याचं किटण होतं.

हे इतकं महत्त्वाचं का, तर मापामुळे. खाच पिव्हट पिनेपासून (पातं ज्यावर फिरतं ती पिन) समजा ७ मिमीवर आहे आणि पात्याचं टोक १०० मिमीवर. खाचेत होणारी हालचाल टोकाशी साधारण चौदा पट दिसते. झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी जाड असतो. तेवढी फट खाचेत राहिली की टोक जवळपास दीड मिमी हलतं. चाकू मोडल्यासारखा वाटतो, आणि कारण असतं कागदाएवढ्या जाडीचा मळ.

हाच हिशेब उलट बाजूनेही लागू आहे. अगदी नव्या, चांगल्या लॉकबॅकमध्येही दातापाशी केसाएवढी सैल जागा असू शकते, आणि टोकाशी पाव-अर्धा मिमी हालचाल जाणवते. लॉक घट्ट धरत असेल तर हा दोष नव्हे. पातं कधीपासून हलतंय आणि हालचाल वाढतेय का, हे बघा. पहिल्या दिवसापासून तेवढीच असेल तर सोडून द्या.

तपासणी १: नख फिरवा

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. चाकू पूर्ण उघडा, धार तुमच्यापासून लांब आणि खाली ठेवा. पात्याच्या पाठीवरून मुठीकडे नख सरकवा. पातं संपून लॉकबार सुरू होतो त्या सांध्यावर नख काय सांगतं ते बघा.

नख वर चढलं, म्हणजे लॉकबार उंच राहिला, तर दात तळापर्यंत पोचत नाहीये. खाचेत काहीतरी आहे. ही चांगली बातमी.

नख खाली घसरलं, म्हणजे लॉकबार बुडाला, तर दात किंवा खाच झिजली आहे आणि दात गरजेपेक्षा खोल उतरतोय. धुऊन यात फरक पडणार नाही. मात्र काही चाकू कारखान्यातूनच केसभर खाली बसवलेले येतात, म्हणून याच्या जोडीला हालचाल आणि मऊ ‘खट्’ आहे का तेही बघा.

नख सपाट गेलं आणि तरी वर-खाली हालचाल आहे, तर पिव्हट पिनेचं भोक लंबगोल झाल्याचा संशय घ्या. ते पुढे येतं.

तपासणी २: खाच कोरून काढा

इथेच बहुतेक तक्रारी मिटतात, म्हणून घाई करू नका. लागणाऱ्या वस्तू: बांबूची दात कोरायची काडी, जुना टूथब्रश, बॅटरी, आणि असेल तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग.

पातं अर्धं बंद करा, म्हणजे मुठीशी काटकोनात आणा. आता खाच पुढच्या तोंडाशी वर आलेली दिसेल. बॅटरीचा झोत तिरका मारा. स्वच्छ खाचेचे आतले कोपरे धारदार रेषेसारखे दिसतात. मळ असेल तर कोपरे गोल, काळपट आणि भरलेले दिसतात. पहिल्या नजरेला तो मळ धातूच वाटतो, कारण दाताने दाबून दाबून त्याला चकाकी आलेली असते. काडीचं टोक कोपऱ्यात टेकवून आडवं ओढा. काळी पापडी सुटून आली की समजा सापडला.

पापडी निघत नसेल तर काडीच्या टोकाने रॉकेलचा एक थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा कोरा. जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. स्टीलची सुई किंवा पोपट पान्याचं टोक घालू नका. टँग कठीण असतो, त्याला फारसं होणार नाही, पण सुईचं टोक मोडून आत अडकलं तर नसलेला आजार मागे लागेल.

आता दुसरी बाजू, म्हणजे दात. पातं पूर्ण उघडा आणि लॉकबारचं मागचं टोक दाबून धरा. दात वर उठतो आणि सांध्यात फट दिसते. त्या फटीतून जुन्या सुती धोतराची किंवा सुती टी-शर्टची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी घालून दोनदा ओढा. लॉक दाबलेला असताना पातं मोकळं असतं, त्यामुळे बोटं त्याच्या मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. दुसऱ्या माणसाने पात्याची पाठ चिमटीत धरली तर उत्तम.

पुन्हा नख फिरवा. लॉकबार पातळीत आला आणि आवाज परतला, तर पुढे वाचायची गरज फक्त तेलापुरती.

तपासणी ३: आतून धुणं

खाच साफ, तरी लॉक आळसावल्यासारखा बसतो? मग घाण लॉकबारच्या मधल्या पिनेशी किंवा स्प्रिंगखाली आहे. आपल्याकडे याचं ठरलेलं कारण खोबरेल. घरात तेच हाताशी असतं, म्हणून चाकूला तेच लावलं जातं. ते थंडीत गोठतं, आणि काही महिन्यांनी धुळीने चिकट होऊन गोंदासारखं बसतं. गोडंतेलही तसंच. लॉक हिवाळ्यात जड आणि उन्हाळ्यात बरा चालत असेल तर खोबरेल धरून चाला.

पितळ आणि प्लॅस्टिकच्या मुठींना कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. चाकू पाण्याखाली धरून वीस-पंचवीस वेळा हळू उघडबंद करा, दर वेळी लॉक पूर्ण दाबा. लाकूड, हाड आणि शिंगाच्या मुठी पाण्यात बुडवू नका, पट्ट्या फुगतात आणि पितळी टोपीपासून सुटतात. त्यांच्यासाठी फटींत ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, मेडिकलमध्ये मिळतं. मुठीवर सांडलेलं लगेच पुसा, नाहीतर पॉलिश उडतं.

बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग बघा. काळं पाणी म्हणजे जुनं तेल. तांबूस पाणी म्हणजे आत गंज आहे, आणि हिरवट छटा म्हणजे पितळेचा कळंक. तांबूस पाणी तीन-चार धुण्यांनंतरही येत राहिलं तर पिनेवर गंज बसला आहे. तो धुऊन जाणार नाही.

मग वाळवणं, जे सगळे चुकवतात. झटका, टिश्यूवर तोंड खाली करून ठेवा, हेअर ड्रायरच्या साध्या हवेने पाच मिनिटं फुंका. पंक्चरवाल्याकडची प्रेशरची हवा मोहात पाडते, पण त्याच्या टाकीत साचलेलं पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल सोबत येतं. मारलीच तर नंतर पुन्हा ड्रायर. कोकणात पावसाळ्यात तर एक रात्र पंख्याखाली ठेवल्याशिवाय तेल घालू नका, कारण ओलाव्यावर तेल घातलं की ओलावा आत कोंडतो.

तेल: किती आणि कुठे

शिलाई मशीनचं पातळ तेल. एक थेंब पिव्हटला दोन्ही बाजूंनी मिळून, अर्धा थेंब लॉकबारच्या मधल्या पिनेला. खाचेत थेंब नको, खाच कोरडी हवी. तिथे तेल म्हणजे कापसाला आमंत्रण. दहा वेळा उघडबंद करून बाहेर आलेलं सगळं पुसून टाका. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि गंज सैल करायला चांगलं, पण ते उडून जातं, वंगण म्हणून टिकत नाही. ते वापरलं तरी वर मशीनचं तेल लागतंच.

खाण्याच्या वस्तू कापत असाल तर खाद्यवापराला चालणारं मिनरल ऑइल घ्या.

तपासणी ४: शाईची परीक्षा

स्वच्छ झाला, तेल झालं, तरी हलतोय. आता दात नक्की कुठे टेकतोय ते बघायचं. साधा परमनंट मार्कर पुरतो. पातं काटकोनात आणून खाचेच्या तळाला आणि दोन्ही भिंतींना शाई लावा, मिनिटभर वाळू द्या. दहा वेळा पूर्ण उघडा आणि लॉक बसू द्या. परत काटकोनात आणून भिंगातून बघा.

दोन्ही भिंतींवरची शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली असेल तर दात नीट बसतो, दोष पिव्हटमध्ये शोधा. शाई फक्त वरच्या कडेलाच उडाली असेल तर दात तोंडाशीच अडकतोय, बहुधा कडेला कणी उठली आहे किंवा अजून मळ आहे. शाई एकाच भिंतीवर आणि ठिपक्यासारखी उडाली असेल तर झीज.

इथे हातात कानस येते. ठेवून द्या. वरचा चौदा पटीचा हिशेब आठवा: भिंतीवरून ०.१ मिमी धातू गेला की टोकाशी दीड मिमी सैलपणा कायमचा आला, आणि काढलेला धातू परत लावता येत नाही. ‘दात खोल बसत नाही म्हणून थोडा घासला’ असे चाकू पुढे कुणाच्याच हातून सुधारत नाहीत.

तपासणी ५: पिव्हट

डावी-उजवीकडची हालचाल इथून येते. आधी बघा, पिव्हटला स्क्रू आहे की पिन.

स्क्रू असेल तर काम सोपं. बहुतेक ठिकाणी टॉर्क्स (चांदणीच्या तोंडाचा बिट) टी-६ किंवा टी-८ लागतो. नेमक्या मापाचाच बिट घ्या, एक नंबर लहान घेतला की चांदणी घासून गोल होते. एका वेळी घड्याळाच्या काट्याची सात-आठ मिनिटं, म्हणजे एक अष्टमांश फेरा, आवळा आणि उघडून बघा. हलणं थांबलं आणि पातं अजून सहज फिरतंय, तिथे थांबा. स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर काढून, अल्कोहोलने पुसून, निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा. लाल लावू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि तापवल्यास मूठ जाते.

पारंपरिक बक ११० मध्ये पिन असते, टोपीच्या पातळीत घासून लपवलेली, नीट पॉलिश असेल तर दिसतही नाही. अडकित्त्याची खीळ ठोकून घट्ट करतात तशी ही ठोकता येईल असं वाटतं. अडकित्त्याची खीळ उघडी असते, दोन पाती थेट एकमेकांवर असतात, थोडं जास्त बसलं तरी चालतं. इथे पितळी टोपी, आतली पातळ पट्टी, टँग, पुन्हा पट्टी, टोपी असे पाच थर आहेत. हातोडीचा एक ठोका जास्त झाला की पातं अडकतं, पितळेला खळगा पडतो, किंवा लाकडी पट्टीला चीर जाते. संग्रहातल्या चाकूची किंमत तर त्याच ठोक्याला उतरते. पिनेचा चाकू घरी ठोकू नका.

डावी-उजवी आणि वर-खाली अशी दोन्ही हालचाल एकत्र असेल आणि नखाच्या परीक्षेत सांधा सपाट असेल, तर भोक लंबगोल झालं आहे. चाकू पहार म्हणून वापरला, डबा उचकटला, लाकूड फोडायला पाठीवर दगड मारला, की हे होतं.

तपासणी ६: लॉक धरतो का

दुरुस्ती झाल्यासारखी वाटली तरी हे केल्याशिवाय चाकू खिशात जाऊ नये. टेबलाच्या काठावर जाड टॉवेलची घडी ठेवा. चाकू पूर्ण उघडून धार वर, पाठ टॉवेलवर. मूठ दोन्ही कुशींनी चिमटीत धरा, म्हणजे पातं मिटलं तरी बोटं वाटेत येणार नाहीत. हळूहळू दाब वाढवा. लॉक जागचा हलता कामा नये. चाकूची पाठ टेबलावर आपटून दाखवणारे असतात. त्याने लॉक किती चांगला ते कळत नाही, फक्त दात आणि खाच झिजतात.

मग दुसरी परीक्षा. मूठ जोरात आवळा, जशी जाड दोर कापताना आवळाल. तळव्याचा मांसल भाग लॉकच्या मागच्या टोकावर दबून लॉक सुटायला लागतो का? काही चाकूंत लॉकबारवर मुद्दाम खळगा केलेला असतो, त्याला चाकू बनवणाऱ्या डेव्हिड बॉय यांच्या नावावरून बॉय डेंट म्हणतात. तो याच अपघातासाठी. तो नसेल तर पकड अर्धा सेंटिमीटर पुढे घ्यायची सवय लावा. हा बिघाड नाही.

इथे थांबा

स्वच्छ करूनही दाबाखाली लॉक सरकतो. लॉकबार दाबल्यावर लुळा पडतो, म्हणजे स्प्रिंग तुटली. खाच किंवा दाताला तडा दिसतो. भोक लंबगोल झालं आहे. पिनेतून गंजाचं पाणी थांबत नाही. यातलं एकही असेल तर पुढचं काम चाकू बनवणाऱ्या कारागिराचं किंवा कंपनीचं आहे. नुसती धार लावून देणारा शिकलगार यासाठी चालणार नाही, त्याचं काम धारेचं. पिन काढून नवी बसवणारा, खाच वेल्ड न करता टँग किंवा लॉकबार बदलण्याबद्दल बोलणारा माणूस हवा. ‘वेल्डिंगचा टिपका मारतो’ म्हणाला तर चाकू परत घ्या: त्या उष्णतेने टँगचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं आणि नवी खाच महिन्यात चेपते.

बकची हमी आजीवन आहे आणि दुरुस्तीचं काम अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या पोस्ट फॉल्समध्ये होतं. तिकडे नातेवाईक असतील तर सोय आहे. स्वतः ठोकाठोक केलेल्या चाकूवर मात्र हमीची आशा धरू नका. बाजारातल्या स्वस्त नकलांबाबत सरळ सांगायचं तर पाचव्या तपासणीपर्यंत सुधारला नाही तर तो बाद करा. त्यांचा टँग मऊ असतो, आज घट्ट केलेला दिवाळीपर्यंत पुन्हा सैल.

बिघाड परत येऊ नये म्हणून

चाकू सुटा खिशात टाकू नका, कॅनव्हासची पिशवी किंवा पाऊच घ्या. पण महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तेव्हा कातडी पाऊचमधून बाहेर काढा. कातडं दमट हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्याने टोप्यांवर हिरवा कळंक चढतो आणि केस कंपनीच्या क्रोम व्हॅनेडियमसारखं पोलाद डागाळतं. टोप्या चिंचेने चकचकीत करण्याचा मोह झाला तर चिंचेचं पाणी सांध्यात जाऊ देऊ नका, तिथे ते आतून खातं.

बाळगण्याबद्दल दोन ओळी. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची दखल आहे, आणि ११० चं पातं पावणेचार इंचांचं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की त्या मुदतीत सार्वजनिक जागी चाकू बाळगणं अडचणीचं, पातं कितीही लहान असो. ट्रेकला निघताना सॅकच्या तळाशी ठेवा, विमानात चेक-इन बॅगेत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी जास्त सांभाळा: तिथे ३ इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला मिळणारी सूट लॉक होणाऱ्या चाकूला लागू नाही, सार्वजनिक जागी लॉकबॅक न्यायला सबळ कारण दाखवावं लागतं.